सील लागल्यानंतर उघडू नये

३ नोव्हेंबर

क्रूझ ठरली. मला न विचारता. हिच्या ताईने आणि साडूने चौघांचं बुकिंग करून टाकलं आणि हिने फोनवरच होकार दिला. मी तेव्हा बाथरूममध्ये होतो.

छोटं जहाज, विषुववृत्ताजवळची बेटं, मगरी, माकडं, आणि किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं. हिला लग्नाआधीपासून ती कासवं बघायची आहेत. यापूर्वी तीनदा असंच काहीतरी ठरलं होतं आणि तिन्ही वेळा ऐन वेळी कंपनीत मोठं काम निघालं. काम मी काढलं नव्हतं. ही म्हणते, काढलं होतं.

या वेळी म्हणाली, मी जाणारच आहे, तुम्ही आलात तर बरं वाटेल. त्यातला 'तर' मी नीट ऐकला. तिच्याशिवाय या घरात मी एक दिवसही एकट्याने काढलेला नाही आणि काढायची इच्छाही नाही. तेव्हा मी जाणार. काही झालं तरी जाणार.

पॅकिंग माझ्याकडे. यावर चर्चा नाही. लोकांची घरंच्या घरं खोक्यांत भरून परगावी पाठवण्यात माझी हयात गेली. कंपनीत पॅकिंग सुपरवायझरचा शब्द शेवटचा असतो. घरात तसा तो का नसतो, हा वेगळा विषय.

५ नोव्हेंबर

जहाजवाल्यांच्या सूचना आल्या. प्रत्येकी एकच बॅग. मऊ कापडाची. फळीवरून चालत स्वतःला जहाजावर नेता येईल एवढीच. ट्रंका, कडक पेट्या चालणार नाहीत, केबिनमध्ये जागा नाही.

हे ज्याने लिहिलं त्याने जन्मात एक कपबशी पॅक केलेली नसावी. अशा सूचना हौशी लोकांसाठी असतात. फाइलला लावून ठेवल्या.

८ नोव्हेंबर

साडू येऊन गेला. स्वतःची बॅग दाखवायला! उशीएवढी. त्यात दोन शर्ट, दोन हाफपँटी, दुर्बीण आणि टूथब्रश. एक शर्ट अंगावर, एक दोरीवर, असं त्याचं शास्त्र आहे म्हणे. हा गृहस्थ जंगलात फिरून पक्ष्यांचे फोटो काढतो. उन्हाने रापला आहे आणि त्याचंच त्याला कौतुक.

विचारलं, पाऊस आला तर? म्हणाला, भिजायचं. विचारलं, मगर आली तर? म्हणाला, बॅग हलकी असली की पळता येतं. यावर ही हसली. डोळे पुसायची वेळ येईपर्यंत हसली. माझ्या बोलण्यावर ती अशी शेवटची कधी हसली होती ते आठवून पाहिलं. साडू गेल्यावर पुन्हा आठवून पाहिलं.

संकल्प: जहाजावर साडूशी कामापुरतं बोलणे.

११ नोव्हेंबर

खरेदी. जळवांपासून वाचवणारे मोजे, गळ्यात अडकवायची शिट्टी, डोक्याला बांधायचा दिवा, दोघांची मच्छरदाणी. घडीची बादली, घडीची काठी, घडीचं फावडं. दुकानातला सेल्समन फार समंजस माणूस. मी एक वस्तू उचलली की तो दुसरी पुढे करायचा. असा आदर घरात मिळाला असता तर.

फावडं कशाला, असं हिने विचारलं. आणीबाणी आल्यावर कळेल, असं सांगितलं. खरं तर मलाही अजून ठरवायचं आहे.

संध्याकाळी लाइफ जॅकेट घालून पाहिलं. संकटाशिवाय दोरी ओढू नये, असं त्यावर छापलेलं होतं. पण चाचणी घेतल्याशिवाय माझ्या हातून माल पुढे जात नाही. ओढली. हवा अपेक्षेपेक्षा लवकर भरली आणि मी स्वयंपाकघराच्या दारात अडकलो. पुढे नाही, मागे नाही. ही भाजी चिरत होती. उठून आली, सुरीने जॅकेट फोडलं, सुरी धुतली आणि पुन्हा भाजी चिरायला बसली. बोलली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

जॅकेट निकृष्ट होतं. दुसरं आणणे.

१३ नोव्हेंबर

रोगप्रतिबंधक इंजेक्शनं. माझा दंड सुजला. साडूला काहीच झालं नाही, असं ताईने फोन करून मुद्दाम कळवलं.

१५ नोव्हेंबर

हिने दोन निळ्या कापडी बॅगा आणल्या, सारख्याच. चहा उकळेपर्यंत स्वतःची भरूनही टाकली. मी तपासली. चपला कपड्यांना चिकटून, शांपूची बाटली मोकळी, मोजे वाटेल तिथे कोंबलेले. सगळं बाहेर काढून शास्त्रशुद्ध भरलं. चेन लागेना. पद्धतीत दोष नव्हता, बॅगच चुकीची होती.

हिने सगळं पलंगावर ओतलं, तिच्या पद्धतीने भरलं आणि चेन लावली. लागली. मग म्हणाली, तुमचीही मीच भरून ठेवते.

स्पष्ट सांगितलं की त्या निळ्या पिशवीला मी हात लावणार नाही. दुसऱ्याने भरलेलं सामान मी उघडत नाही, हा माझा धंद्यातला नियम. शिवाय चेन हा प्रकार मला मान्य नाही. चेन ऐन वेळी अडकते.

१७ नोव्हेंबर

तोडगा निघाला. माझी पत्र्याची मोठी ट्रंक कंपनीच्या एअर कार्गोने आधीच बंदरावर पाठवायची. आपण हात हलवत जायचं. साडूची उशी त्याच्याच खांद्यावर राहील आणि मी मोकळा, हे दृश्य डोळ्यांसमोर आलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

डिस्पॅचच्या मिशीवाल्याला ट्रंकेबद्दल सांगितलं. त्याने विचारलं, जहाजावर ट्रंक चालते का साहेब? त्याला नाक खुपसण्याची सवय आहे. त्याचं मन फार मऊ आहे आणि मऊ माणूस डिस्पॅचला कामाचा नाही. मागे एका म्हातारबाईंच्या घराचं पॅकिंग होतं. त्यांचं कानात घालायचं ऐकण्याचं यंत्र चुकून खोक्यात गेलं. बाई गोदामात आल्या, रडल्या. मिशीवाला कटर घेऊन निघालाच होता. मी थांबवलं. सगळ्यांसमोर खडसावलं. त्याच दिवशी परिपत्रक काढलं: 'सील लागल्यानंतर खोका मुक्कामी पोहोचल्याशिवाय उघडू नये. मालकाची विनंती ऐकू नये. रजेवरील अधिकाऱ्याचा आदेश ग्राह्य धरू नये.' ते अजून गोदामाच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे. खाली माझी सही. बाई बराच वेळ स्टुलावर बसून होत्या, मग गेल्या.

तेव्हापासून आमच्याकडे एकही सील फुटलेलं नाही.

२० नोव्हेंबर

ट्रंक भरली. दिवस गेला, पण काम बघण्यासारखं झालं. पॅकिंगचा पहिला नियम: सगळ्यांत मौल्यवान वस्तू मधोमध, तळाच्या थरात. म्हणून दोघांचे पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट घडीच्या बादलीत, बादली टॉवेलात, टॉवेल मच्छरदाणीत. भूकंप झाला तरी कागदाचा कोपरा दुमडणार नाही.

पासपोर्ट कुठे ठेवलेत, असं हिने विचारलं. सुरक्षित, असं सांगितलं.

२१ नोव्हेंबर

विश्वासघात. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात हिने ट्रंक उघडली. बाहेर येतो तो वरचे थर विस्कटलेले आणि ही पलंगावर शांत बसलेली. म्हणाली, वाटेत लागणारे कागद काढून घेतलेत. पुढेही काही सांगत होती. मी ऐकून घेतलं नाही. मी बोललो. बरंच बोललो. माझ्या थरांत माझ्या परवानगीशिवाय हात घालायचा म्हणजे काय? तिचा पासपोर्ट तिला हवा असेल तर घेऊ दे, हरवला तर जबाबदारी तिची.

वरचे थर पुन्हा लावले. तळ तपासला नाही. तो मी स्वतः लावला आहे. तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं.

२२ नोव्हेंबर

पट्ट्या आवळल्या, कंपनीचं लाल सील लावलं, ट्रंक गोदामात जमा केली. माझ्या रजेच्या काळात मिशीवाला हंगामी सुपरवायझर. त्याला परिपत्रक पुन्हा वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली. त्याच्या मिशीखाली काही हललं, पण हसू असं म्हणता येणार नाही.

२४ नोव्हेंबर, सकाळ

उद्या विमान. ऑनलाइन चेक-इन करायला बसलो. हिचं झालं. माझं उघडलं. मशीनने पासपोर्ट नंबर विचारला.

पासपोर्ट ट्रंकेत आहे.

ट्रंक बंदरावर, म्हणजे परदेशात, जाणार आहे. तिथे जायला पासपोर्ट लागतो.

घाबरण्याचं कारण नाही. ट्रंक अजून गोदामातच असणार, कार्गोची गाडी चार वाजता सुटते. हिला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिला फोन साडूला गेला असता आणि जहाजावर रोज जेवताना हाच विषय निघाला असता. डिस्पॅच तपासून येतो, एवढंच सांगून निघालो.

२४ नोव्हेंबर, दुपार (गोदामात)

ट्रंक समोर आहे. जाळीच्या आत. हात घातला तर बोटं लागतात.

मिशीवाल्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला आणि सील फोडायला नकार दिला. भिंतीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, मी सुपरवायझर आहे. तो म्हणाला, तुम्ही रजेवर आहात. मी म्हटलं, ट्रंक माझी आहे. तो म्हणाला, म्हणजे तुम्ही मालक, आणि मालकाची विनंती ऐकू नये असं लिहिलंय. हे तो अदबीने म्हणाला, आणि तीच अदब मला जास्त लागली.

मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर म्हणाले, पॅकिंगमधलं मला काय कळतंय, सुपरवायझर म्हणेल तसं करा. आणि फोन मिशीवाल्याला द्यायला सांगितला.

मग मिशीवाल्याने स्वतःच मार्ग काढला. एका कागदावर एवढंच लिहा, म्हणाला, की हा नियम चुकीचा होता. सही करा. मी आत्ता परिपत्रक उतरवतो आणि आत्ता सील फोडतो. वर म्हणाला, त्या आजींना तुम्ही स्टुलावर बसवलं होतं साहेब, मी तुम्हाला खुर्ची दिली आहे.

उद्धटपणाची हद्द झाली. पण वेळ पाहून वागावं लागतं. कागद मागवला.

पहिला मसुदा: 'सदर नियम योग्य असून अपवादात्मक परिस्थितीत त्याचा फेरविचार करता येईल.' मिशीवाल्याने मान हलवली. नाही.

दुसरा: 'सदर नियमाची अंमलबजावणी कर्मचाऱ्यांनी अतिरेकाने केली.' नाही.

तिसरा: 'सदर नियम त्या काळी योग्य होता.' यावर तो थोडा घुटमळला. मग नाही म्हणाला.

चौथ्यात मी 'चुकीचा' हा शब्द लिहिला. मग त्याच्या आधी 'अंशतः' घातला. 'अंशतः'च्या आधी 'काहींच्या मते' घातलं. मग पूर्ण वाक्य वाचून पाहिलं आणि मला असं वाटलं की हा कागद भिंतीवर फ्रेममध्ये लागणार आणि मी निवृत्त होईपर्यंत रोज त्याच्याखालून जाणार.

पाचवा कागद मागितला तेव्हा गाडीचा हॉर्न ऐकू आला. माणसं जाळी उघडून ट्रंक गाडीत चढवत होती. मिशीवाला माझ्याकडे बघत उभा होता, पेन पुढे करून. बराच वेळ तसाच उभा होता, हेही लिहून ठेवायला हवं.

ट्रंक अगदी सरळ उभी गेली. 'ही बाजू वर'चा बाण वरच. पट्ट्या उत्तम आवळल्या होत्या.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ

हिला सांगितलं की कंपनीत ऐन वेळी मोठं काम निघालं.

भांडली असती तर बरं झालं असतं. कपाट उघडून माझ्यासाठी काढलेला विमानातला स्वेटर पुन्हा आत ठेवला आणि म्हणाली, ही चौथी वेळ.

२५ नोव्हेंबर

सकाळी टॅक्सी आली. ताईने खालून हाक मारली, वर आली नाही. साडू वर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, काम काय, होतच राहतं. मी तो हात बाजूला केला.

निघताना ही दारात थांबली. म्हणाली, तुमची निळी बॅग भरून ठेवली होती, निदान ती उघडून तरी बघा, त्यात तुमचे. तिथेच तोडलं. म्हटलं, पॅकिंगच्या विषयात मला आता कोणाचंही काही ऐकायचं नाही. मग म्हणाली, बरं. आणि जिना उतरून गेली. स्वतःची बॅग एका हाताने उचलून.

बॅग दाराशी पडली आहे. येता-जाता पायात येते.

२८ नोव्हेंबर

एकटं राहण्याचे फायदे बरेच आहेत. शांतता आहे. टीव्ही आपल्या मर्जीने. आज तीनदा गॅस तपासला, तो बंदच होता. कामावर लवकर हजर झालो, कारण रजा घेऊन घरी बसलो तर लोक कारण विचारतात. मिशीवाल्याने खुर्ची लगेच रिकामी करून दिली. कशाचाच उल्लेख केला नाही. त्याच्यावर बारीक लक्ष ठेवणे.

संकल्प: भांडी त्याच दिवशी घासणे.

१ डिसेंबर

हिचा फोन. आवाजामागे समुद्र. कासव आलं म्हणे. बैलगाडीच्या चाकाएवढं. मागच्या पायांनी वाळूत खड्डा केला, अंडी घातली, वाळू लोटली, वर स्वतःच्या पोटाने थापटलं आणि मागे न बघता पाण्यात गेलं. ही सांगताना रडत होती. आनंदाने, असं म्हणाली.

मला एवढंच सुचलं की अंडी एकावर एक पडताना मध्ये काही घातलं नव्हतं का. नव्हतं, म्हणाली, आणि एकही फुटलं नाही.

मग मी विचारलं नसताना म्हणाली, तुम्ही शेजारी असता तर. वाक्य तिथेच सोडलं. मग विचारलं, बॅग उघडलीत? मी ताठ्याने सांगितलं, हातही लावलेला नाही. पलीकडे नुसता समुद्र. मग म्हणाली, मग आता नकाच उघडू.

बायकांचं बोलणं असंच. एकदा उघडा, एकदा नको.

४ डिसेंबर

भांडी साठली आहेत. ती घडीच्या बादलीत भिजत घालता आली असती, पण बादली ट्रंकेत आहे.

बंदरावरून मेल आला. जहाजावर कडक पेट्या चालत नाहीत, सबब ट्रंक परत पाठवत आहोत. लोकांना सूचना नीट लिहिता येत नाहीत आणि मग हे होतं.

८ डिसेंबर, दुपार

ट्रंक आली. पाठवणाराही मी, घेणाराही मी, पोच सही करणाराही मीच. 'माल सुस्थितीत' असं लिहिलं. सील अभंग. मिशीवाला आणि बाकीची मंडळी भोवती उभी होती. म्हटलं, बघून घ्या, पॅकिंग कशाला म्हणतात.

सील फोडलं. मोजे, दिवा, शिट्टी, काठी, फावडं. मच्छरदाणी. टॉवेल. बादली. एकाही वस्तूला ओरखडा नाही.

बादलीत पाकीट. पाकिटात काहीच नाही.

ताबडतोब ओळखलं. सर्वांसमोर मिशीवाल्याला विचारलं की पासपोर्ट कुठे आहे. तो म्हणाला, सील तर आत्ता तुम्हीच फोडलंत. मी म्हटलं, तोच तर पुरावा. सील न फोडता चोरी करणारा माणूस किती मुरलेला असला पाहिजे. चौकशीची नोटीस काढली, टाइप करून त्याच्या हातात दिली. एका बैठकीत लिहून झाली. एकही शब्द खोडावा लागला नाही.

८ डिसेंबर, संध्याकाळ

घरी आलो. अंधारात पाऊल टाकलं आणि निळ्या बॅगेला अडखळून पडलो. गुडघा फुटला. रागाच्या भरात बॅगेची चेन ओढली. सरळ उघडली, जराही न अडकता.

सगळ्यांत वर माझा पासपोर्ट. त्यात माझं तिकीट, खिडकीजवळच्या सीटचं. खाली दोन शर्ट, दोन हाफपँटी. साडूसारख्या. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, जहाज लागू नये म्हणून गोळ्या, मला ऊन सोसत नाही म्हणून कापडी टोपी. टोपीत गुंडाळलेला माझा जादा चष्मा, जो मी ट्रंकेत टाकायला विसरलो होतो. बाकी काही नाही. एका हाताने उचलली गेली.

वाईट वाटलं. ते कोणामुळे, हे आज लिहीत नाही.

परिस्थिती अशी आहे. बॅग उघडली असं सांगितलं, तर मी जाऊ शकत होतो हे मला कळलंय, हे तिला कळणार. उघडली नाही असं सांगितलं, तर तिने भरलेली बॅग मी इतके दिवस लाथाडत होतो, एवढंच तिच्या हाती येणार. शिवाय मिशीवाल्याची नोटीस आहे. ती मागे घ्यायची तर कारण लिहावं लागेल, एका वाक्यात, सहीनिशी.

निर्णय: बॅग उघडलीच नव्हती. पासपोर्ट होता तिथे ठेवायचा, टोपी होती तशी, चेन लावायची आणि बॅग पुन्हा दाराशी. ही उद्या येते आहे, तोपर्यंत भांडीही होतील. नोटिशीचं पुढच्या आठवड्यात बघू. वेळ भरपूर आहे.

खाली टॅक्सी थांबल्यासारखी वाटली. उद्याची फ्लाइट आहे, माझी खात्री आहे. मी स्वतः कॅलेंडरवर खूण केली होती.

ताईचा आवाज. साडूचं हसणं. जिन्यावर पावलं, एकट्या माणसाची.

बॅग मांडीवर आहे. चेन अडकली आहे.